आंदणातले बेट

क्लॅरिबेल हे नाव कोणाला आठवते का? शेक्सपिअरचे 'द टेम्पेस्ट' ज्यांनी कॉलेजात नेमलेले पुस्तक म्हणून वाचले असेल, त्यांनाही बहुधा आठवणार नाही. त्यात त्यांचा दोष नाही, कारण ही बाई नाटकात येतच नाही. ती नेपल्सच्या राजाची मुलगी. तिचे लग्न समुद्रापलीकडच्या ट्युनिसच्या राजाशी लावून दिले आणि ते लग्न आटोपून वऱ्हाड बोटीने परत येत असताना वादळात सापडले. नाटकाचे नाव या वादळावरूनच आले. क्लॅरिबेलचे लग्न झाले नसते तर बोट समुद्रात नसती, आणि बोट नसती तर पुढचे काहीच घडले नसते. जिच्या लग्नामुळे सगळे नाटक घडते तिला रंगभूमीवर पाऊल टाकायला मिळत नाही!

तिच्याविषयी थोडेसे कळते ते दुसऱ्या अंकात. आपला मुलगा बुडाला असे समजून राजा शोक करत बसला आहे. त्याचा भाऊ त्याची समजूत घालायची सोडून त्याला टोचून बोलतो. मुलगी इतक्या लांब दिली नसती तर ही वेळ आली नसती, आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकून तुला विनवले होते, ती बिचारी स्वतःसुद्धा एकीकडे नाखुशी आणि दुसरीकडे बापाची आज्ञा अशा तराजूत अडकली होती, असे तो म्हणतो. तीन-चार ओळींतच हे सगळे संपते. शेवटी सगळे गोड झाल्यावर एक म्हातारा सरदार आनंदाने सांगतो की एकाच प्रवासात क्लॅरिबेलला ट्युनिसमध्ये नवरा मिळाला. तिची नाखुशी तोपर्यंत सगळे विसरून गेलेले असतात.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झाले. इंग्रजीचा एक सक्तीचा पेपर असे, तेवढाच शेक्सपिअरशी संबंध. पुढे शाळेत इतिहास आणि मराठी शिकवण्यात वर्षे गेली. निवृत्तीनंतर मात्र शब्दकोश शेजारी ठेवून, तळटिपा वाचत, सतराव्या शतकातली इंग्रजी नाटके एकेक करून वाचायला घेतली. हळूहळू वाचण्याचा एक फायदा असतो. पंडित ज्या ओळी सहज ओलांडून जातात तिथे आपण अडखळतो. अशी अडखळत चार-पाच नाटके वाचल्यावर मला त्यांत एक हिशेब दिसू लागला. बाई आणि जमीन एकाच पावतीवर लिहायची, असा तो हिशेब आहे. बेट ज्याचे, मुलगी त्याची. आणि मुलगी ज्याची, त्याचे बेट.

हा हिशेब नाटककारांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यातच तो होता. लग्न झाले की बायकोचे दागिने, पैसे, भांडीकुंडी नवऱ्याची होत, आणि तिच्या जमिनीचा कारभार त्याच्या हाती जाई. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे. 1632 साली लंडनमध्ये स्त्रियांच्या हक्कांविषयीच्या कायद्याचे एक पुस्तक छापले गेले. त्याच्या सुरुवातीलाच सरळ म्हटले आहे की बाई ही एक तर लग्न झालेली किंवा लग्न व्हायची समजावी. विवाहित स्त्रीला आपल्या मालमत्तेवर पुरता हक्क देणारा कायदा इंग्लंडात झाला तो थेट 1882 साली. तेव्हा लग्नातून मालमत्ता हातात येते हे लंडनच्या प्रेक्षकाला कोणी समजावून सांगायला नको होते. ती मालमत्ता एखादे आख्खे बेट असू शकते, हे त्याला नाटकवाल्यांनी दाखवले.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. 1660 पर्यंत इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर बाया नव्हत्या. स्त्रीभूमिका मिसरूड न फुटलेली मुले करत. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही, बालगंधर्वांचे शालू आपल्या आजीपणजीने डोळे भरून पाहिले आहेत. पण एवढे खरे की नाटकातल्या मुलीने दिलेला होकार लिहिणारा पुरुष होता आणि उच्चारणारा मुलगा होता. बाया होत्या त्या समोर, एक पेनी देऊन उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकांत.

आता 'टेम्पेस्ट'च्या बेटावर जाऊ. मिलानचा पदच्युत सरदार प्रॉस्पेरो आपली जेमतेम तीन वर्षांची मुलगी मिरांडा हिला घेऊन या बेटाला लागला. त्याला बारा वर्षे झाली, म्हणजे मिरांडा आता पंधराची. त्याच्या आधी बेटावर कोण होते? अल्जिअर्सहून गरोदरपणी हद्दपार केलेली सिकोरॅक्स नावाची बाई आणि तिचा मुलगा कॅलिबन. प्रॉस्पेरो येण्यापूर्वीच सिकोरॅक्स मेली होती. ती चेटकीण होती, दुष्ट होती, असे प्रॉस्पेरो सांगतो, पण त्याने तिला कधी पाहिलेले नाही. सगळी ऐकीव माहिती! कॅलिबनचे म्हणणे मात्र साधे आहे. हे बेट आईकडून मला मिळाले आणि तू ते हिसकावलेस, असे तो म्हणतो. आईच्या बाजूने आलेला हा एकमेव वारसाहक्क नाटकात कोणी मोजत नाही.

कॅलिबनची बाजू घेणारे खूप झाले. गेल्या शतकात वसाहतींतून स्वतंत्र झालेल्या देशांच्या लेखकांनी त्याला आपला मानले, ते योग्यच होते. तोही मूळचा मालक आणि आता सरपण वाहणारा गुलाम. पण एक गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. या कॅलिबनने मिरांडावर बळजबरी करायचा प्रयत्न केला होता, आणि त्याचे त्याला दुःख नाही. उलट तू आडवा आला नसतास तर मी हे बेट कॅलिबनांनी भरून टाकले असते, असे तो प्रॉस्पेरोला तोंडावर सांगतो. पुढे तो एका दारुड्या खानसाम्याला प्रॉस्पेरोचा खून करायला चिथावतो आणि लालूच दाखवतो ती मिरांडाच्या रूपाची. बेटाबरोबर राणीही मिळेल! तिसरा उमेदवार नेपल्सचा राजपुत्र फर्डिनांड. तो सभ्य आहे, प्रेमात पडला आहे. पण मिरांडाला तो पहिल्याच भेटीत सांगतो की मी तुला नेपल्सची राणी करीन. लुबाडला गेलेला, दारू प्यालेला आणि प्रेमात पडलेला असे हे तिघे पुरुष. तिघांच्याही बोलण्यात मुलगी आणि राज्य एकत्रच येतात.

आणि बाप? प्रॉस्पेरोला आपले मिलान परत हवे आहे. त्यासाठी तो वादळ उठवतो, राजपुत्राला मुलीपुढे आणून उभा करतो, मग खोटा राग दाखवून त्याला लाकडे वाहायला लावतो, म्हणजे मुलीला दया यावी. मिरांडा बापाची आज्ञा मोडून त्या तरुणाला आपले नाव सांगते. त्याच्याशी लग्न करायची गोष्टही ती स्वतःच काढते. पहिल्यांदा वाचताना मला बरे वाटले. पोरीने निदान स्वतःच्या तोंडाने विचारले! पण त्याच वेळी बाप आडून पाहत असतो आणि मनात खूश होत असतो. तिचे बंडसुद्धा त्याच्या बेतात बसलेले आहे. पुढे तो तिला जावयाच्या स्वाधीन करतो तेव्हा तिला देणगी म्हणतो, आणि लग्नाआधी हात लावलास तर याद राख, असा दमही भरतो.

आमच्या वेळी मुलगी पाहायला लोक येत तेव्हा मुलीला काही विचारतच नसत असे नाही. पाहुणे गेल्यावर 'मुलगा पसंत आहे ना?' असे विचारायचे. त्या 'ना'मध्येच उत्तर असे. नकाराला जागाच ठेवलेली नसे. म्हणून मिरांडाचा होकार खरा आहे हे मान्य करूनही मला विचारावेसे वाटते की तिने नाही म्हटले असते तर? नाटकात त्याची सोय नाही. क्लॅरिबेलचा नकार वऱ्हाडाच्या गप्पांत बुडाला. सिकोरॅक्सच्या हक्काला चेटूक हे नाव मिळाले. ऐकू येतो तो फक्त मिरांडाचा होकार.

तरीही शेक्सपिअर आपल्या हाताला सहज लागत नाही. शेवटच्या अंकात पडदा सरतो तेव्हा मिरांडा आणि फर्डिनांड बुद्धिबळ खेळताना दिसतात. ती म्हणते, तुम्ही लबाडी करता आहात. तो नाही म्हणतो. तेव्हा ती म्हणते की वीस-पंचवीस राज्यांसाठी तुम्ही भांडलात तरी मी त्याला सचोटीचा खेळ म्हणेन. हसत हसत बोललेली दोन वाक्ये. पण त्या पोरीला सगळे कळते आहे असे मला नेहमी वाटते. लबाडी दिसली आहे, बोलून दाखवली आहे, आणि पुढे तिला सचोटी म्हणायचे हेही ठरले आहे. लग्न झालेल्या किती बायकांनी हे केले असेल!

मिरांडाच्या बोलण्याचा एक वेगळाच इतिहास आहे. पहिल्या अंकात कॅलिबनला ती कडक शब्दांत झापते. मी तुला बोलायला शिकवले आणि तू असा निघालास, अशा अर्थाचे ते भाषण आहे. 1623 साली शेक्सपिअरची नाटके एकत्र छापली गेली त्या ग्रंथात ते मिरांडाच्याच नावावर आहे. पण 1667 साली ड्रायडन आणि डॅव्हनंट यांनी नाटकाची नवी आवृत्ती केली तेव्हा ते प्रॉस्पेरोला देऊन टाकले. 1733 साली थिओबाल्ड या संपादकाने मूळ नाटकाच्या पुस्तकातही तेच केले, आणि पुढे दोनशे वर्षे अनेक संपादकांनी त्याचीच री ओढली. कारण काय, तर कुलीन मुलीच्या तोंडी असे बोलणे शोभत नाही! विसाव्या शतकात ते भाषण हळूहळू तिला परत मिळाले. या भाषणात दुसऱ्याला रानटी समजणारी वसाहतवाल्याची घमेंड आहे, हे मी नाकारत नाही. जिच्यावर हात टाकला गेला त्या मुलीचा संतापही त्यातच आहे. दोन्ही एकाच तोंडून येतात म्हणून तर ते भाषण तिचेच असायला हवे.

'टेम्पेस्ट'चा राजवाड्यातला पहिला नोंदलेला प्रयोग 1 नोव्हेंबर 1611 चा. नंतर जेम्स राजाच्या मुलीच्या, एलिझाबेथच्या लग्नाच्या समारंभात ते पुन्हा झाले. हे लग्न 14 फेब्रुवारी 1613 चे, नवरामुलगा जर्मनीतला राजपुत्र, वधू सोळा वर्षांची. लग्नघरात नाटक पाहत बसलेल्या त्या मुलीला क्लॅरिबेलच्या ओळी ऐकू आल्या असतील का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

नाटकातल्या वादळाला खऱ्या वादळाचा आधार होता. 1609 साली व्हर्जिनियाच्या वसाहतीकडे निघालेले 'सी व्हेंचर' हे जहाज बर्म्युडाच्या खडकांवर आपटले. त्या जहाजावर जॉन रॉल्फ नावाचा एक प्रवासी होता. तो वाचला, व्हर्जिनियात पोचला, तंबाखूची लागवड करू लागला, आणि 1614 साली त्याने तिथल्या टोळीप्रमुखाची मुलगी पोकाहोंटास हिच्याशी लग्न केले. ही लग्नाची गोष्ट फार गोड करून सांगतात. पण आदल्याच वर्षी इंग्रजांनी तिला फसवून जहाजावर नेऊन ओलीस ठेवले होते. कैदेतच तिने नवा धर्म घेतला आणि तिचे नाव रिबेका झाले. लग्नाची परवानगी मागणारे रॉल्फचे लांबलचक पत्र उपलब्ध आहे, ते लिहिले आहे गव्हर्नरला. तिला लंडनला आणून मिरवले, आणि 6 जानेवारी 1617 रोजी राजवाड्यात बेन जॉन्सनचा एक नाट्यप्रयोग दाखवला. म्हणजे ती प्रेक्षकांत होती आणि स्वतः प्रेक्षणीयही होती. त्याच वर्षी मार्चमध्ये, परतीच्या वाटेवर, थेम्सकाठच्या ग्रेव्हझेंडला तिचा अंत झाला. वय वीस-एकवीस. तिने स्वतः लिहिलेली एकही ओळ नाही.

यानंतर चारच वर्षांनी, डिसेंबर 1621 मध्ये, जॉन फ्लेचरचे 'द आयलंड प्रिन्सेस' राजवाड्यात झाले. हे नाटक आपल्याकडे फारसे कोणी वाचत नाही, पण वाचायला हवे, कारण ते आपल्या बाजूच्या समुद्रात घडते. मोलुक्का म्हणजे लवंगांची बेटे. 1600 च्या अखेरच्या दिवशी स्थापन झालेली ईस्ट इंडिया कंपनी या मसाल्यांच्या मागेच निघाली होती. तिदोर बेटाच्या राजाला शेजारच्या तर्नाते बेटाच्या सुभेदाराने कैद केले आहे. त्याची बहीण क्विसारा पण करते की भावाला सोडवील त्याच्याशी मी लग्न करीन. तिचे मन रुई दियास या पोर्तुगीज कप्तानावर आहे, पण तो विचार करत बसतो. तेवढ्यात आर्म्युसिया नावाचा नवा पोर्तुगीज तरुण व्यापाऱ्याच्या वेषात शत्रूच्या शहरात शिरतो, शहराला आग लावतो आणि राजाला सोडवून आणतो. पुढे क्विसारा त्याला आपला धर्म घ्यायला सांगते. तो खवळतो, तुरुंगात जातो, छळ सोसायला तयार होतो. त्याची निष्ठा पाहून तीच त्याचा धर्म घेते. तिच्या देवांविषयी तो वाटेल ते बोलला आहे, त्याचे पुढे कोणालाच काही वाटत नाही.

फ्लेचरने ही कथा 1609 साली छापलेल्या एका स्पॅनिश इतिहासग्रंथावरून घेतली. त्या कथेत राजाला सोडवणारा तरुण तिथलाच, त्या बेटांवरचा होता! फ्लेचरने त्याला बाजूला करून त्या जागी पोर्तुगीज आणून बसवला. एवढा एक बदल केला की पराक्रमाच्या गोष्टीची वसाहतीची गोष्ट होते. लवंगांचे बेट जिंकावे लागत नाही, प्रेमाने आपल्या गळ्यात पडते. तिथल्या राजकन्येनेच माळ घातल्यावर तक्रार करणार कोण?

याच फ्लेचरने आणखी एक नाटक लिहिले आहे, 'द टेमर टेम्ड'. शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'चा तो पुढचा भाग आहे. ('त्राटिका' या नावाने ते नाटक आपल्या जुन्या रंगभूमीवर गाजले होते, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवेल.) बायकोला सरळ करणाऱ्या त्या नवऱ्याला इथे दुसरी बायको मिळते. लग्नाच्या रात्रीच ती खोलीचे दार आतून लावून घेते, खाण्यापिण्याचे सामान साठवते, इतर बायका तिच्या बाजूला जमतात, आणि ती आपल्या अटी नवऱ्याकडून मान्य करून घेते. म्हणजे बाई नाही म्हणू शकते हे फ्लेचरला चांगले ठाऊक होते. लंडनच्या बाईला त्याने दार लावून घ्यायचा हक्क दिला. तिदोरच्या राजकन्येला मात्र दार उघडण्याचाच. बाईवरची सत्ता आणि वसाहतीवरची सत्ता एका ठिकाणी आल्या की काय होते, ते एकाच लेखकाच्या या दोन नाटकांत दिसते.

1660 साली राजेशाही परत आली, नाटकगृहे उघडली, आणि बाया रंगभूमीवर आल्या. त्यामुळे हिशेब बदलला का? वर उल्लेख केलेली 1667 ची 'टेम्पेस्ट'ची आवृत्ती पाहा. तिच्यात मिरांडाला बहीण दिली आहे आणि कॅलिबनलाही. कॅलिबनच्या बहिणीचे नाव ठेवले आहे सिकोरॅक्स. मूळ नाटकात बेटाचा हक्क जिच्याकडून येतो त्या आईचे नाव असे एका विनोदी पात्राला चिकटवले. आणि बोटीवरचा एक खलाशी या सिकोरॅक्सशी लग्न लावतो. कशासाठी? म्हणजे बायकोच्या नात्याने बेट आपले होईल! प्रेक्षक पोट धरून हसले असणार. लोक विनोदाला हसतात ते ओळखीची गोष्ट दिसल्यावरच.

1673 साली छापलेल्या ड्रायडनच्या 'अंबॉयना' या नाटकात हसण्यासारखे काहीच नाही. 1623 साली अंबॉयना बेटावर डच लोकांनी दहा इंग्रजांना कटाच्या आरोपावरून ठार मारले, त्यांचा प्रमुख गॅब्रिएल टॉवरसन. पन्नास वर्षांनी इंग्लंड-डच युद्ध चालू असताना ड्रायडनने ते प्रकरण उकरून काढले. त्याने टॉवरसनला इसाबिंडा नावाची तिथलीच वधू दिली, आणि डच गव्हर्नरच्या मुलाने तिच्यावर अत्याचार केल्याचे दाखवले. तिच्या दुःखाचा उपयोग काय, तर डच किती नीच आहेत हे लोकांना पटवायला. त्या बेटावर मुळात इंग्रजांचे तरी काय काम होते, हे इसाबिंडा विचारत नाही.

खऱ्या टॉवरसनची खरी बायको वेगळीच होती, आणि तिची हकिगत कोणत्याही नाटकापेक्षा विलक्षण आहे. तिचे नाव मरियम. आग्र्याच्या दरबारातल्या एका आर्मेनियन ख्रिस्ती माणसाची ती अनाथ मुलगी. कंपनीचा विल्यम हॉकिन्स 1608 साली सुरतेला उतरून पुढे जहांगीर बादशहाकडे गेला. दरबारात शत्रू फार, जेवणातून विषप्रयोग व्हायची भीती. बादशहा म्हणाला, बायको कर म्हणजे तुझ्या खाण्यापिण्यावर घरची नजर राहील. आणि मरियम त्याला दिली गेली. 1613 साली इंग्लंडला जाताना हॉकिन्स वाटेतच वारला. परक्या देशात विधवा म्हणून उतरलेल्या मरियमने 1614 साली टॉवरसनशी लग्न केले, 1617 साली त्याच्याबरोबर हिंदुस्थानात परतली, आणि तो तिला आग्र्याला ठेवून निघून गेला. पुढे कंपनीच्या कागदपत्रांत ती दिसते ती पोटापाण्यासाठी पैसे मागणारी बाई म्हणून. ड्रायडनने नाटक लिहिले तेव्हा तिच्या नवऱ्याचे नाव घेतले, तिला वगळले. नाटकाला सुंदर, सोसणारी वधू हवी होती. देणे मागत दारात उभी राहणारी बाई कोणाला हवी असते?

आता या सगळ्याचा आपल्या घराशी असलेला संबंध. इंग्रजांना मुंबई पोर्तुगिजांकडून आंदण मिळाली, हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाने पाठ केलेले असते. हा करार 23 जून 1661 चा. दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रगांझा द्यायची, बरोबर रोख रक्कम, आफ्रिकेतले टँजिअर आणि मुंबई बेट द्यायचे. बाप वारला होता, करार आईने केला. बाप नसला तरी हा व्यवहार अडत नाही, घरातली वडीलधारी बाईही तो चोख पार पाडते. माहीम, माझगाव, परळच्या कोळ्या-भंडाऱ्यांना कोणी विचारले नाही, हे सांगायला नको. आंदणात भांड्यांना विचारत नाहीत.

आंदण सुखाने हाती आले असेही नाही. नेमके किती बेटांचा करार झाला यावरून वाद झाला. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन आणि त्याचे कितीतरी सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत मेले. ताबा मिळाला तो 18 फेब्रुवारी 1665 ला. बेट राजाला परवडेना, तेव्हा 27 मार्च 1668 च्या सनदेने त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकले. बायकोच्या आंदणाची वस्तू, विल्हेवाट नवऱ्याने लावली. पुढच्या हिवाळ्यात, 7 जानेवारी 1669 रोजी, सॅम्युअल पेपिसने लंडनमध्ये 'द आयलंड प्रिन्सेस' पाहिले. त्याने रोजनिशीत नोंद केली की नाटक बरे आहे आणि शहर जळण्याचा देखावा चांगला जमला आहे. क्विसाराविषयी त्याने काही लिहिलेले नाही.

कॅथरिनचा मात्र एक नकार नोंदलेला आहे. 1662 च्या मे महिन्यात लग्न झाले. थोड्याच दिवसांत राजाने तिच्या खास सेविकांच्या यादीत आपल्या रखेलीचे नाव घातले. कॅथरिनने ते खोडून टाकले. तिला न सांगता त्या बाईला समोर आणून उभे केले, तेव्हा तिच्या नाकातून रक्त आले आणि तिला भोवळ आली. राजाने तिच्या बहुतेक पोर्तुगीज सोबतिणींना परत पाठवले. परक्या देशात, भाषा येत नसताना, एकटी किती टिकणार? शेवटी तिने मान्य केले. पण खोडलेले नाव खोडलेलेच आहे, ते इतिहासातून पुसता येत नाही.

जुन्या नाटकांना आजचा न्याय लावू नये असे पुष्कळजण म्हणतात. मलाही लेखकांना पिंजऱ्यात उभे करायचे नाही. पण क्लॅरिबेलची नाखुशी माझ्या मनाची नाही, शेक्सपिअरने 1611 मध्येच लिहिली आहे. बंद दाराआडची बायको फ्लेचरने लिहिली आहे. म्हणजे त्या काळच्या माणसांना नकार ऐकू येत होता. तो कुठे ऐकायचा आणि कुठे नाही, एवढे ते ठरवत होते.

ट्युनिसमध्ये क्लॅरिबेलचे पुढे काय झाले ते शेक्सपिअरने सांगितलेले नाही. कॅथरिनचे सांगता येते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती 1692 साली लिस्बनला परतायला निघाली. भाऊ आजारी पडला तेव्हा तिने राज्याची सूत्रे हाती घेतली, स्पेनशी लढाई चालू असताना कारभार नीट चालवला, आणि 1705 च्या अखेरीस ती वारली. मुंबई तिने कधी पाहिली नाही.

असो. लेख लांबला. पुन्हा कधी 'टेम्पेस्ट' हाती आले तर दुसऱ्या अंकातल्या त्या तीन-चार ओळी जरा सावकाश वाचा.